खोबऱ्या आंबा आणि धाकट्याची कोय

आमच्या घराण्यात वारसाहक्कानं आजवर फक्त मूळव्याध आली आहे.

ती आजोबांकडून वडिलांना आणि वडिलांकडून दादाला व मला अशी बिनबोभाट मिळाली. वाटणीपत्र नाही, तलाठी नाही, साक्षीदार नाहीत. 'आधी मला' म्हणून कोणी कोणाची गचांडी धरली नाही. त्यामुळे उंद्रीच्या जनाआत्यानं जाताना आमच्या नावावर काहीतरी ठेवलंय असं कळलं, तेव्हा वारशासाठी भांडायचा आम्हाला काडीचाही अनुभव नव्हता. पण आम्ही फार लवकर शिकलो!

जनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. शेत तिच्यामागे सासरच्या पुतण्याला, म्हणजे किसनरावांना जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि तिच्याकडून दुसरं काही मिळेल अशी आशा आम्ही तरी कधी केली नव्हती. पाहुणा उंबऱ्यात दिसला की "जेवूनच आला अशीन नं?" असं विचारणारी ती बाई. समोरचा खोटं बोलायला लाजला, तर "मंग आता रातच्यालेच जेवजो," म्हणायची.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही तिघं भावंडं तिच्याकडे राहायला जायचो. थोरला दादा, मधली शोभाताई आणि शेंडेफळ मी, बापू. तिच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोबऱ्या नावाचा आंबा होता. चोखायचा नव्हे, कापून खायचा. गर खोबऱ्यासारखा टणक आणि चव अशी की दुसरा आंबा खाताना त्या आंब्याची दया यावी! एवढं मोठं झाड, पण आत्या रोज आम्हा तिघांत एकच आंबा कापायची. एक फाक दादाला, एक फाक ताईला आणि मला कोय.

"मलेच काऊन कोय?" मी भोकाड पसरायचो.

"अरे येड्या, फाक दोन घासात सरते. कोय दुपारलोक पुरते! धाकट्याले मी जास्तीचं देऊन राह्यली अन् तू रडून राह्यला?"

मी सहा वर्षांचा होतो. मला ते पटायचं. पुढे गणिताचा मास्तर झालो, तेव्हा हिशेब लावला आणि मग आयुष्यभर पटलं नाही. पुढंही घरात जे जे वाटलं गेलं त्यात माझ्या वाट्याला कोयच आली. दादाची सायकल त्याला जुनी झाल्यावर मला. दादाची पँट गुडघ्यावर फाटल्यावर मला. एकदा तर दादासाठी पाहिलेली मुलगी दादाला पसंत पडली नाही म्हणून... जाऊ द्या, हे लिखाण सुनंदा वाचते.

तर आत्याच्या तेरवीला, जेवणं उरकल्यावर, किसनरावांनी कोनाड्यातून एक कागद काढला. आत्यानं ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून लिहून घेतलेला, खाली तिचा अंगठा. किसनराव घसा खाकरून वाचायला लागले.

"धुऱ्यावरचा खोबऱ्या आंबा माह्या भावाच्या तिन्ही लेकरायनं पाळीपाळीनं एकेक साल खावा. कोणी अगुदर, कोणी मांगून, ते त्यायचं त्यायनं ठरवावं. पन पाळी तिघायचीच राहावी. मोडू नये."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दादानं टोपी काढली. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार आला. तिघांत वाटलं तर आपल्याला तीन वर्षांतून एकदा मिळणार. दोघांत वाटलं तर वर्षाआड. (गणिताचा मास्तर, म्हटलं ना!)

मी दादाला गोठ्यामागं गाठलं. दादा शेजारच्याच गावात शेती करतो. आमच्या दोघांचं वडिलांच्या पंपावरून वाजलेलं होतं आणि चार वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त लग्नपत्रिकेतून बोलत होतो.

"दादा, ताईले काय करायचा आंबा? थे शेगावात. दुकान सोडून उंद्रीत येईन का थे?"

दादानं सुपारी कातरली. "मंग?"

"हक्कसोड."

हक्कसोड हा आमच्याकडचा जुना रिवाज. बहिणीनं कागदावर सही करायची की मला काही नको, आणि भावांनी तिला साडीचोळी करायची. जमिनीसाठी करतात, घरासाठी करतात. आंब्याच्या झाडासाठी हक्कसोड करून घेणारे सगळ्या बुलढाणा जिल्ह्यात आम्हीच पहिले असू. चार वर्षांनी दोघं भाऊ एकत्र आले ते बहिणीला बाहेर काढायला! पण तेव्हा मला ते बंधुप्रेम वाटलं.

साडी मीच आणली. देऊळगाव राजाच्या बाजारातून, एकावर एक फुकट होती त्यातली फुकटची. ताईसमोर कागद ठेवला, खिशातलं पेन काढून दिलं. ताईनं आधी साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दादाकडे. दादा छताकडे पाहत होता.

"सही केली त उन्हाळ्यात उंद्रीले यायले मले बहाना काय राह्यला रे?" ती म्हणाली.

"बहाना कायले लागते? आपलंच घर हाये," मी म्हणालो. हे घर किसनरावांचं होतं, हे किसनरावांनीही त्या वेळी बोलून दाखवलं नाही. चांगला माणूस.

पेन चाललं नाही. ताईनं झटकलं, तळहातावर गिरवून पाहिलं, तिसऱ्यांदा कुठे चाललं. तिनं सही केली, साडी पिशवीत घातली आणि चारच्या गाडीनं शेगावला निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, गाडीची घाई असेल.

आता प्रश्न एकच उरला. पहिली पाळी कोणाची?

मी कंबर कसूनच बसलो होतो. पन्नास वर्षांचा कोयांचा इतिहास काढायचा, सायकल काढायची, पँट काढायची (म्हणजे विषय काढायचा) असं सगळं भाषण तयार होतं. पण मी "पहिली पाळी माही!" एवढंच म्हणालो आणि दादा म्हणाला, "घे. तू लहान हाये."

असा सोपा विजय मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. त्याच वेळी शंका यायला हवी होती. पण विजय सोपा असला की शंका लांबच उभी राहते. मी तिथल्या तिथे कागद करून घेतला. पहिलं साल बापूचं, दुसरं दादाचं, तिसरं बापूचं, आणि असंच आचंद्रसूर्य.

फेब्रुवारीत मी मुद्दाम उंद्रीला जाऊन झाड पाहून आलो. झाडावर लालसर, कोवळं, लुसलुशीत असं काहीतरी भरभरून आलं होतं. मी शेंड्यापासून बुडापर्यंत अठरा फोटो काढले आणि भावकीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'आपला मोहोर!' दादानं अंगठा पाठवला. वहिनीनं अंगठा पाठवला. किसनरावांनी तर हात जोडलेले पाठवले. ती पालवी होती, नुसती नवी पानं, हे त्या ग्रुपवरच्या सदतीस माणसांपैकी एकानंही मला सांगितलं नाही!

मी शाळेत हेडमास्तरांना एक पेटी कबूल केली. स्टाफरूममध्ये चौदा जणांना प्रत्येकी दोन डझन. सुनंदाच्या माहेरी जालन्याला तर फोन करून सांगितलं की यंदा बाजारातून आंबा आणायचा नाही, अपमान समजला जाईल. मे महिन्यात छोटा हत्ती ठरवला, पंचवीस रिकामे क्रेट भरले आणि ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसून उंद्रीला पोचलो.

झाडाला अकरा आंबे होते.

मी खालून मोजले. मग पलीकडून मोजले. ड्रायव्हरनं मोजले, त्याला बारा दिसले. पण बारावा पोपट होता, तो उडून गेला. आंबे उतरवून झाल्यावर ड्रायव्हरनं अत्यंत गंभीरपणे विचारलं, "सर, माल मांगं ठिवू का पुढं?"

चौदा मास्तरांना मी स्टाफरूममध्ये आंबा कापून वाटला. कापणाऱ्याच्या हातात शेवटी काय उरतं ते तुम्हाला माहीत आहेच. जालन्याला माझ्या सासऱ्यांनी आंब्याचा विषय पुढे दोन वर्षं काढला नाही. म्हणजे माझ्यासमोर.

दादाला फोन केला तर म्हणाला, "होते कधी कधी. हवा खराब व्हती."

दुसऱ्या वर्षी हवा एकदम सुधारली. दादाची पाळी आणि झाड असं लदलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले! दादानं ट्रॅक्टरची ट्रॉली लावली. ट्रॉलीभर आंबे, आंब्यांवर बसलेला दादा, दादाच्या डोक्यावर नवी टोपी, असा फोटो ग्रुपवर आला. आता अंगठा पाठवायची पाळी माझी होती. मी पाठवला. कुठला अंगठा पाठवावा याचा मात्र बराच वेळ विचार केला.

दादानं माझ्याकडे एक पिशवी पाठवली, नाही असं नाही. त्यात सात आंबे आणि चिठ्ठी होती, 'खाऊन झालं की कोया ठेवजो, रोपं लावू.' कोया! मी ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आणि वर्षभर येता-जाता तिच्याकडे पाहून दात चावले.

त्या दोन्ही उन्हाळ्यांत ताई आली नाही. खरं सांगतो, मला ते जाणवलंच नाही. मी आंबे मोजत होतो.

तिसरं साल माझं. डिसेंबरातच जाऊन पाहिलं तर झाड नुसतं हिरवंगार, ढिम्म. मोहोराची काही चाहूल नाही. माझी खात्री पटली की दादानं झाडाला काहीतरी खाऊ घातलंय! मी किसनरावांना गाठलं. ते हरभऱ्याला पाणी देत होते.

"किसनराव, हे झाड माह्याच पाळीले काऊन रुसते?"

किसनरावांनी मला निरखून पाहिलं. हा मास्तर खरंच विचारतोय की गंमत करतोय, हे त्यांना ठरवता येत नसावं. मग म्हणाले, "मास्तर, झाडाले धाक पाह्यजे. जुने लोकं करत. संक्रांतीच्या अगुदर एकानं कुऱ्हाड घेऊन जायचं अन् म्हणायचं, 'लेका, फळ देत नाई, तुले तोडतोच.' दुसऱ्यानं मधात पडायचं. 'नोका तोडू, येत्या साली धरीन तो.' तीन खेप. झाड भेते अन् धरते."

मी विज्ञानाचाही तास घेतो. पण माणसाला वीस पेट्या आंबे हवे असले की विज्ञान जरा बाजूला बसतं. मी किसनरावांचीच कुऱ्हाड मागून घेतली. मधे पडायला कोण? सुनंदा! तिला शेगावला दर्शनाला न्यायचं कबूल केलं, तेव्हा दोन गाड्या बदलून ती उंद्रीला आली.

झाडाखाली मी पवित्रा घेतला. कुऱ्हाड उगारली आणि वर्गात आवाज लावतो तसा लावला. "खोबऱ्या! फळ देत नाई तू! तुले तोडतोच आज!"

मागून काहीच आवाज नाही. वळून पाहिलं तर सुनंदा साडीला चिकटलेलं गोखरू काढत होती.

"अगं, म्हण ना!"

"काय म्हणू?"

"नका तोडू म्हण! पाठ केलं होतंस ना गाडीत!"

"आवो, पण मला तर तोडावंच वाटू लागलंय," ती म्हणाली. ती जालन्याकडची, बोलणं गोड असतं तिचं. "तुमच्या या झाडापायी दोन वर्षं झाली, माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तोडा. मी कशाला आडवू?"

"सुनंदा, झाड ऐकतंय!"

"ऐकू द्या की!"

दुसऱ्या खेपेला मी आणखी ओरडलो. पलीकडच्या तुरीत शेंगा तोडणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. सुनंदा म्हणाली, "बुडापासून तोडा. शेगावची गाडी चुकेल."

तिसरी खेप. झाडाला आता तरी खरं वाटावं म्हणून मी कुऱ्हाड पार पाठीमागे नेली, डोळे वटारले आणि सगळा जीव एकवटून... थांबलो. मी थांबलो. कुऱ्हाडीचं पातं थांबलं नाही. ते दांड्यातून निसटलं, माझ्या टाळूवरून सणसणत मागं गेलं आणि किसनरावांच्या पाण्याच्या पाइपावर आदळलं. फट् असा आवाज झाला आणि हरभऱ्यातून दोन पुरुष उंचीचं कारंजं उडालं!

नेमक्या त्याच वेळी दादाची मोटरसायकल धुऱ्यावरून धडधडत आली. तुरीतल्या कोणा बाईनं त्याला फोन केला होता की तुहा भाऊ आंबा तोडून राह्यला. दादानं गाडी स्टँडवर लावलीच नाही, सोडून दिली. ती आडवी झाली. दादा धावत आला, कारंज्यातून आरपार आला आणि नखशिखांत भिजून त्यानं झाडाच्या बुंध्याला मिठी मारली.

"बापू! नोको तोडू बे! आत्याचं झाड हाये ते! नोको तोडू, येत्या साली धरीन तो!"

मी थक्क झालो. इतक्या भावनेनं! सुनंदाला दोन तासांत जमलं नाही ते दादानं न शिकवता म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही! मी नुसता दांडा हातात धरून उभा होतो आणि दादा रडवेला होऊन बोलतच होता.

"येत्या साली धरते म्हणजे धरतेच रे! आजलोक कधी चुकला का तो? एक साल खाली जाते, एक साल भरते. जलमापासून वर्षाआड धरते तो..."

दादा थांबला. मीही थांबलो. कारंजं तेवढं चालू होतं.

"वर्षाआड?" मी म्हणालो.

दादानं हळूच बुंधा सोडला.

"दादा, एक साल खाली, एक साल भरते? अन् येतं साल कोणाचं?"

"...माहं."

"अन् हे खाली?"

"तुहं."

"अन् त्याच्या अगुदरचं खाली? अकरा आंब्याचं?"

"तेही तुहंच. पन पोपट धरून बारा म्हणे."

"म्हणजे तुले मालूम व्हतं!"

"आता गावातल्या लेकरालेबी मालूम असते ते! मले वाटलं तुलेबी मालूम असन."

"मंग मले पहिली पाळी काऊन देल्ली?"

"तूच मांगली!"

यावर मी हातातला दांडाच फेकला. तो दादाला लागला नाही, चिखलात पडला. दादानं चिखलाचा गोळा मारला, तो सुनंदाला लागला. सुनंदानं मारलेला मात्र आम्हा दोघांनाही लागला. (तिचा नेम चांगला आहे. घरात अनुभव आहे.) तुरीतल्या बायांनी काम सोडून धुऱ्यावर बैठक मारली. किसनराव पाणी बंद करायला विहिरीकडे पळत होते आणि पळता पळता हसत होते.

मला न्याय हवा होता. मी तिथूनच ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दादानं कसं फसवलं, झाडानं कसं फसवलं, सगळं सांगितलं. पलीकडे दुकानात पेढ्यांच्या गिऱ्हाइकांचा गलका होता. ताई ऐकत राहिली.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "बापू, शाळेत काय शिकवतं तू?"

"गणित."

"मंग मोज बोटावर. झाड धरते वर्षाआड. पाळीवाले तीन. आत्याच्या कागदापरमानं चाललं असतं त कोणाले भरलं झाड कधी भेटलं असतं?"

मी चिखलाच्या बोटांवर मोजायला लागलो. एक, ताई, खाली. दोन, दादा, भरलेलं. तीन, मी, खाली. चार, ताई, भरलेलं. पाच, दादा, खाली. सहा, मी... भरलेलं. सहा वर्षांत प्रत्येकाला एकदा भरलेलं झाड, एकदा रिकामं. ना कोणाला कमी, ना कोणाला जास्त. तीन आणि दोनचा लसावि सहा! पंचवीस वर्षं मी पोरांना लसावि शिकवतोय, चुकलं की बाकावर उभं करतोय. आणि अंगठा देणाऱ्या माझ्या आत्यानं तो आंब्याच्या झाडावर मांडून ठेवला होता.

"आता दोघं मोज," ताई म्हणाली.

दोन आणि दोनचा लसावि मोजायची गरज नव्हती. एकाला सदैव ट्रॉली, दुसऱ्याला सदैव पोपट.

"आत्यानं लिहून ठेवलं व्हतं, पाळी तिघायचीच राहावी," ताई म्हणाली. "तुम्ही मले काढलं, म्हणून तू बुडाला. दादाचं काय, तो बसला पाण्यात म्हशीवानी गप. अन् मी त सांगणारच व्हती त्या दिवशी. पन तू पेन काढलं खिशातून."

दादानं टोपी पिळली. मी म्हणालो, "ताई, आंबे पाह्यजे त मी बाजारातून..."

"मले आंबे शेगावातबी भेटते रे बापू. तुम्ही दोघं भेटत नाई."

  आई-बाप गेल्यावर त्या बाईचं माहेर म्हणजे ते एक झाड होतं आणि ते मी फुकटच्या साडीत गुंडाळून तिच्याकडून काढून घेतलं होतं. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

"चुकलं माहं, ताई," मी म्हणालो.

"माहंही," दादा म्हणाला. दादानं असं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. वहिनीला सांगितलं तर ती आजही मानत नाही.

 ताईनं नाक ओढून दुकानदारी आवाजात अटी घातल्या. एक, हक्कसोडीचा कागद मी माझ्या हातानं फाडायचा. दोन, पाळी कोणाचीही असो, आंबे चार असोत की चार हजार, उतरवणीच्या दिवशी तिघांनी बायका-पोरांसकट झाडाखाली जेवायचं. तीन, पहिली पाळी तिची, येत्या सालापासून.

"येतं साल त माहं!" दादा कळवळला. "तुह्या वहिनीनं आंबे सांगून ठेवले लोकाईले!"

"मलेबी एका मास्तरानं सांगून ठेवलं व्हतं," ताई म्हणाली, "आपलंच घर हाये म्हणून."

पाळीचा पुरावा म्हणून कागद मी खिशातच बाळगत होतो, तो तिथेच फाडला. तो भिजून लगदा झाला होता, त्यामुळे फाडला म्हणण्यापेक्षा मळला. किसनरावांचा पाइप दोघा भावांनी मिळून जोडला आणि वडिलांच्या पंपापासून सुटलेलं मोकळं बोलणं तिथे पुन्हा सुरू झालं. पहिलं वाक्य दादाचं होतं, "धड धर बे!"

माझं ते साल खालीच गेलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात खोबऱ्या असा लदला की दादाच्या ट्रॉलीच्या दोन खेपा झाल्या. (ट्रॉली दादाची, आंबे ताईचे. चढवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला.) ताईनं किसनरावांच्या ओसरीत कुटार, म्हणजे भुसा, पसरून आंबे पिकायला घातले, आमच्याकडे त्याला माच म्हणतात. माचावर तिनं एक साडी झाकली होती. कुठंतरी पाहिल्यासारखी वाटली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला होता आणि जरीची नुसती आठवण राहिली होती.

"ओळखली का?" ताई म्हणाली. "नेसायले नाई जमली. पन आंबे लय छान पिकते हिच्याखाली."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

पाडाचे आंबे काढून दुपारी सगळे झाडाखाली पंगतीला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, आणि मधोमध ताई विळी घेऊन. तिनं पहिला खोबऱ्या कापला. दादाला फाक दिली. एक फाक स्वतः घेतली. मग कोय माझ्यापुढे धरली आणि अगदी आत्याच्या आवाजात म्हणाली, "घे. दुपारलोक पुरते."

सगळी पंगत हसली. मीही हसलो आणि कोय घेतली. खरं सांगू? गोड होती. गर दाट लागला होता, ताईनं कोयीवर भरपूर ठेवला होता. आत्याही ठेवायची की काय, असं पन्नास वर्षांनी पहिल्यांदाच मनात आलं.

"बरं, अवंदा माहं झालं," ताई विळी पुसत म्हणाली. "आता पुढच्या सालची पाळी कोणाची?"

दादा गप्प. किसनराव गप्प. झाडावरचा पोपटसुद्धा गप्प.

आणि मी, ज्यानं लसावि चिखलात बसून बोटांवर मोजला होता, ज्याला पुढचं साल खाली आहे हे उभ्या उंद्रीत सगळ्यात जास्त महागात पडून कळलं होतं, त्या मी कोयीसकट हात वर केला आणि दादाच्या आधी नंबर लागावा म्हणून जीव खाऊन ओरडलो,

"माही!"